लेक म्हणतोय ताम्हिणीच्या जंगलात एकटा राहणार, जाऊ देऊ का?

पत्र:

ताई, मी पुण्यात कर्वेनगरला राहते. मुलगा 19 वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. गेले काही महिने त्याला जंगलात टिकून राहायच्या रिॲलिटी शोजचं वेड लागलंय. अलोन, सर्व्हायव्हर, मॅन व्हर्सेस वाइल्ड, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तेच. आता बाल्कनीत फरशीवर झोपतो, दिवसातून एकदाच जेवतो, म्हणतो शरीराला सवय लावतोय. सहा किलो वजन उतरलंय. ऑनलाइन चाकू आणि तो फेरो रॉड, म्हणजे घासून ठिणग्या पाडायची कांडी, मागवलाय, ते घेऊन वेताळ टेकडीवर जातो आणि आग पेटवायची प्रॅक्टिस करतो. दिवाळीच्या सुट्टीत ताम्हिणीच्या जंगलात चार दिवस एकटा राहणार आहे, फोन बंद ठेवून. ह्यांनी जेवताना एकदा "आधी स्वतःचं ताट उचलायला शीक" म्हटलं, तेव्हापासून बापलेक बोलत नाहीत. माझ्या भावाचं वेल्ह्याकडे शेत आहे, लहानपणी तिथे खूप रमायचा, आता म्हणतो ते काही खरं जंगल नाही. मी अडवू का? अडवलं तर न सांगता जाईल अशी भीती वाटते.
वैशाली (नाव बदललंय)

वैशालीताई,

हो, अडवा. ताम्हिणीला, एकट्याने, फोन बंद ठेवून, हे होऊ द्यायचं नाही आणि त्यात चारचे दोन दिवस कर वगैरे तडजोडही करायची नाही. पण जंगलात जायचंच नाही असं मात्र म्हणू नका, कारण तुम्हाला वाटतंय ते बरोबर आहे, नुसतं नाही म्हटलं तर तो मित्राच्या रूमवर जातोय सांगून चांदणी चौकातनं गाडी पकडेल आणि मग तो कुठे आहे हे जगात कुणालाच माहीत नसेल. मला सगळ्यात जास्त भीती त्याची वाटते. म्हणून नाही म्हणताना त्याच्या हातात दुसरं काय देता येईल ते खाली लिहिलंय, आणि त्यातलं बरंचसं थेट त्यालाच लिहिलंय. आपण त्याला अथर्व म्हणू.

पण ताम्हिणी नंतर. तुमचं पत्र वाचताना मी अडकले ती त्या सहा किलोंपाशी. तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेलात, मी तिथून पुढे जाऊ शकत नाही. 19 वर्षांचा वाढीच्या वयातला मुलगा एक वेळ जेवून, दोनपर्यंत जागून, फरशीवर झोपून कॉलेज करतोय आणि याला तयारी समजतोय. याच आठवड्यात तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या, रक्त तपासून घ्या, हिमोग्लोबिन, बी-12, थायरॉइड, शुगर, जे काय ते सांगतील ते. आणि घरात एक गोष्ट शांतपणे बघा, त्याला खरंच त्या शोसाठी उपाशी राहायचंय की न खाण्यातच आता बरं वाटायला लागलंय? सारखा वजनकाट्यावर उभा राहतो का, सगळे जेवायला बसले की काहीतरी निमित्त काढून उठतो का, थोडं जास्त खाल्लं की चिडतो का. न खाण्याचा हा मनाचा आजार म्हणजे मुलींचं दुखणं असं आपल्याकडे समजतात त्यामुळे मुलांच्या बाबतीत घरच्यांच्या लक्षात खूप उशिरा येतं. यातलं काही दिसलं तर फिजिशियनवर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, आणि ताम्हिणीचा विषय सरळ बाजूला ठेवा.

आता शोबद्दल. मी स्वतः हे शो आवडीने बघते, अलोन तर फारच, त्यामुळे हे सगळं खोटं असतं रे, स्क्रिप्टेड असतं असं मी त्याला सांगणार नाही आणि तुम्हीही सांगू नका, कारण तुम्ही असं म्हणालात की पुढचं तो ऐकणारच नाही. पण सगळे शो एकसारखे नसतात आणि ते तुम्हालाही माहीत असायला हवं म्हणून थोडक्यात सांगते. सर्व्हायव्हर अमेरिकेत 2000 साली सुरू झाला, मूळ कल्पना 1997 च्या स्वीडिश शोची, पहिला सीझन बोर्निओजवळच्या एका बेटावर झाला, 16 माणसं, 39 दिवस, दहा लाख डॉलर. तो माणसांचा खेळ आहे, कोण कोणाशी गट करतो आणि कोण कोणाला मत देऊन बाहेर काढतो. आपल्याकडे 2012 ला स्टार प्लसवर त्याचा हिंदी अवतार आला होता, शूटिंग फिलिपिन्सला. मॅन व्हर्सेस वाइल्ड म्हणजे बेअर ग्रिल्स, तो 2006 पासून, मोदींबरोबरचा कॉर्बेटचा भाग 2019 ला आला तेव्हा घरोघरी बघितला गेला. त्यात तो माणूस करतो ते खरोखर अवघड असतं पण सोबत अख्खा क्रू असतो, आणि 2007 मध्ये तो काही रात्री हॉटेलात राहिला होता हे बाहेर आल्यावर चॅनलला तशी सूचना शोच्या आधी टाकावी लागली. तो शो शिकवण्यासारखा दिसतो म्हणून मला त्याची जास्त काळजी वाटते, कारण कड्यावरून उतरणं, वाहत्या पाण्यात उडी मारणं, हे असलं काही एकट्या सापडलेल्या माणसाने करायचंच नसतं.

अलोन वेगळा. 2015 ला सुरू झाला, पहिला सीझन कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावर. दहा जणांना एकमेकांपासून लांब सोडतात, प्रत्येकाला ठरलेल्या यादीतनं दहा वस्तू निवडता येतात, कॅमेरामन नाही, ज्याने त्याने स्वतःचं शूटिंग करायचं, आणि जो शेवटपर्यंत राहील तो जिंकला. इथे खरंच कुणी मदतीला नसतं, म्हणून पोरांना तो सगळ्यात खरा वाटतो आणि बऱ्याच अंशी तो आहेही. पण त्याच्यात सुद्धा प्रत्येकाजवळ एक सॅटेलाइट यंत्र असतं, ते दाबलं की टीम बोटीने किंवा हेलिकॉप्टरने येऊन घेऊन जाते, आणि ठरावीक दिवसांनी डॉक्टर येऊन वजन, ब्लड प्रेशर बघतात. म्हणजे जगातल्या सगळ्यात एकट्या शोमध्येही कुणाचाच फोन खऱ्या अर्थाने बंद नसतो. हे वाक्य त्याला नक्की सांगा. आणि एवढं असूनही धोका राहतोच, 2013 मध्ये कोह-लांता नावाच्या फ्रेंच शोच्या शूटिंगला कंबोडियात पहिल्याच दिवशी एक तरुण स्पर्धक मरण पावला, डॉक्टर सोबत असताना, तो सीझन रद्दच करावा लागला.

इथून पुढचं त्याला वाचायला द्या.

अथर्व,

तुझ्या आईने मला लिहिलं म्हणून रागावू नकोस. तू अलोन बघतोस तसाच मीही बघते त्यामुळे आपण त्यावरच बोलू.

तू उपाशी राहायची सवय करतोयस. आता मला सांग, जिंकणारे काय करून येतात? ते जायच्या आधी खातात रे. बरेच जण मुद्दाम वजन वाढवून येतात. कारण तो शो दिसायला चाकूचा आणि आगीचा आहे, आतून तो चरबीचा आहे. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात. तुझ्या वयाच्या मुलाला नुसतं चालतं-फिरतं राहायला दिवसाला 2,000 ते 2,500 लागतात, थंडीत लाकडं फोडत बसलास तर आणखी जास्त. नदीतला पावभर मासा मिळाला तर त्यात अडीचशे-तीनशे कॅलरी. म्हणजे रोज तोटा. अंगावरची चरबी हे बचत खातं आहे आणि ज्याच्या खात्यात जास्त तो जास्त दिवस टिकतो. तिसरा सीझन आठव, दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाचा. कार्ली फेअरचाइल्डला 86 व्या दिवशी बाहेर काढलं, तिला स्वतःला जायचंच नव्हतं, मन अजून पक्कं होतं, पण बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, इतका खाली आला की डॉक्टरांनी थांबवलं, आणि 87 व्या दिवशी झॅकरी फाउलर जिंकला, जो मासे पकडत होता तरीही हाडाचा सापळा झाला होता. सहाव्या सीझनला जॉर्डन जोनासने चक्क मूस, म्हणजे तिकडचं प्रचंड मोठं हरीण, मारला, एवढं मांस मिळालं तरी त्याची सगळी धडपड चरबी वाचवायची होती आणि नेमकी तीच वुल्व्हरीन नावाच्या जंगली प्राण्याने पळवली. का धडपड? कारण नुसत्या चरबी नसलेल्या मांसावर माणूस जगत नाही, ससे खाऊन खाऊन पोट भरलेलं असतानाही माणूस आजारी पडतो, अशक्त होतो, त्याला इंग्रजीत रॅबिट स्टार्व्हेशनच म्हणतात. आणि दीर्घ उपासानंतर एकदम भरपूर खाल्लं तर रक्तातले क्षार बिघडून जिवावर बेततं, म्हणून दवाखान्यात अशा माणसाला डॉक्टर हळूहळू खायला देतात. तर तू जे करतोयस ती तयारी नाहीये, तू स्पर्धेच्या आधीच स्वतःचं खातं रिकामं करतोयस आणि सोबत स्नायूही घालवतोयस. आजपासून तीन वेळा जेव. हे मी आईसारखी सांगत नाहीये, त्या शोच्याच हिशेबाने सांगतेय.

दुसरं ताम्हिणी. ताम्हिणी 2013 पासून अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा, त्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही, फास लावणं, सापळा लावणं, पकडायचा नुसता प्रयत्न करणं हे सगळं शिकारीतच धरलंय. ससा, साळिंदर, रानडुक्कर, काहीही. आणि शस्त्राच्या व्याख्येत त्याच कायद्याने सुरी, गळ, जाळं, फास हे सगळं घातलंय, आणि शस्त्र घेऊन परवानगीशिवाय अभयारण्यात शिरणं हाच वेगळा गुन्हा आहे. म्हणजे तुझी सॅक घेऊन तू आत पाऊल टाकलंस की तिथेच संपलं, अजून तू काही केलेलंही नाहीस. राखीव वनात आग पेटवणं 1927 च्या वन कायद्यापासून गुन्हा आहे. निवाऱ्यासाठी कारवी तोडलीस तर तेही. कायदा मोडायला नको म्हणून फक्त सांगत नाहीये मी हे, हा कायदा का आहे ते बघ. कॅनडातल्या ज्या ग्रेट स्लेव्ह लेकवर सहावा सीझन झाला, त्याच्या काठाने मैलोन्‌मैल माणूस नसतो. आपल्या घाटात एवढीशी जंगलाची पट्टी उरलीये, तिच्यात शेकरू आहे, भेकर आहे, बिबट्या आहे, आणि शनिवार-रविवारी निम्मं पुणं आहे. त्यात प्रत्येकजण चार दिवस फास लावून बसला तर काय राहील. आणि वेताळ टेकडीवर तो फेरो रॉड घासणं आत्ताच्या आत्ता बंद कर. पाऊस संपला की टेकडीवरचं गवत वाळायला लागतं, एक ठिणगी पुरते, दरवर्षी उन्हाळ्यापर्यंत आपल्या टेकड्यांवर वणवे लागतात आणि लोकांनी वर्षानुवर्षं पाणी घालून जगवलेली रोपं जळून जातात, पक्ष्यांची घरटी जातात. प्रॅक्टिस करायचीच तर गच्चीवर, लोखंडी घमेल्यात, शेजारी पाण्याची बादली ठेवून कर.

आता समजा कायद्याचा प्रश्न नसता, तरी कॅनडात शिकलेलं इथे किती चालतं बघ. तिथे शत्रू थंडी. इथे दिवाळीच्या सुमाराला ऑक्टोबरचं ऊन असतं आणि कमरेएवढं गवत. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही आपल्याकडे आहेत, आणि मण्यार तर रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, कधी कधी वेदनाही होत नाही, माणूस सकाळी पापण्या जड झाल्या म्हणून उठतो तोवर उशीर झालेला असतो. तू उघड्यावर जमिनीवर झोपायची प्रॅक्टिस करतोयस म्हणून हे मुद्दाम लिहितेय. साप चावल्यावर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळून बांधायची नाही, अंगठी-घड्याळ काढायचं, तो अवयव हलू द्यायचा नाही आणि जिथे अँटीव्हेनम मिळेल त्या दवाखान्यात पोचायचं, एवढाच उपाय आहे. एकट्या आणि फोन बंद असलेल्या माणसाने तो कसा करायचा? चालत गेलास तर विष अजून पसरणार. दगड उचलून चूल मांडशील, तर दगडाखाली विंचू. घाट उतरून पुढे गेलं की महाड, तिथल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी सगळं आयुष्य लाल विंचवाच्या दंशावर घालवलं, प्राझोसिन नावाच्या ब्लड प्रेशरच्या गोळीने माणसं वाचतात हे त्यांनी दाखवलं, त्याआधी त्या दंशाने पोरंबाळं पटापट जायची. गोळी आहे, पण ती दवाखान्यात आहे. आणि धूर. शोमध्ये धूर म्हणजे सुटका, इथे कड्यावर आग्या माश्यांचं मोहोळ असलं तर धूर म्हणजे हल्ला, गडांवर असे प्रकार सारखे होत असतात आणि त्यात पळताना माणसं कड्यावरून पडतात.

पाण्याचंही तसंच. पुण्यात वर्षाला 700-750 मिलिमीटर पाऊस, ताम्हिणीत त्याच्या कित्येक पट, त्यामुळे सगळ्यांना वाटतं तिथे पाणीच पाणी. पण खाली काळा कातळ, पाणी धरून ठेवत नाही, धबाधबा वाहून कोकणात जातं आणि फेब्रुवारी-मार्चला त्याच घाटातल्या वाड्यांमधल्या बायका हंडे घेऊन लांब चालत असतात. दिवाळीत ओढे वाहते असतात हे खरं, पण वर गुरं चरतात, माणसं असतात, कावीळ, लेप्टो, सगळं त्या नितळ दिसणाऱ्या पाण्यातनं येतं. खळखळून उकळलंच पाहिजे.

आणि खायला काय शोधणार आहेस? इथे मला तुझं ते मामाच्या शेताबद्दलचं म्हणणं खूप लागलं, "ते काही खरं जंगल नाही." अरे, खरी विद्या तिथेच आहे. वेल्हे, मुळशी, भोर, या सगळ्या पट्ट्यात महादेव कोळी आहेत, कातकरी आहेत, धनगर आहेत, त्यांच्या घरातल्या एखाद्या आजीला जूनमध्ये विचार. पहिल्या पावसात शेवळं उगवतात, एकदम सुंदर दिसतात, तशीच शिजवून खाल्लीस तर घसा असा खाजेल की पाणी गिळता येणार नाही, म्हणून त्यात काकडं नाहीतर चिंच, कोकम असलं काहीतरी आंबट घालतात. रानातला कडू कंद आहे, तो कापून, राखेत उकळून, पुन्हा पुन्हा धुतल्याशिवाय विषारीच असतो. कुठला टाकळा कोवळा, कुठला जून, भारंगीची पानं कितीदा पिळायची, चाईचा मोहर कधी येतो, कुठल्या अळंब्याला हात लावायचा नाही. हे कुणा एकाने चार दिवस उपाशी राहून शोधलेलं नाही, किती पिढ्यांनी, किती जणांनी आजारी पडून जमा केलंय. आणि ती माणसं रानात एकटी जात नाहीत. खेकड्याला चौघं जातात, मधाला दोघं-तिघं जातात, लाकडाला बायका घोळक्याने जातात, आणि कोण कुठे गेलंय हे वाडीला माहीत असतं. दुष्काळात, पुरात, अंधारात, ती माणसं अशीच टिकलीयत, एकमेकांच्या सोबत आणि ऋतू बघून. टीव्हीवर एकटं राहणं हा नियम आहे कारण त्याशिवाय स्पर्धा होत नाही. तो नियम जंगलाचा नाहीये, शोचा आहे. माझं तुला जे काय सांगायचंय ते एवढंच आहे बघ, बाकी सगळं त्याच्या भोवतीचं.

अलोनमध्येही बघ ना, अस्वलाने किती जण घालवले? पहिल्या सीझनला एकजण पहिल्या रात्रीच अस्वलाच्या भीतीने निघाला हे खरं, पण नंतरच्या सीझनमध्ये कॅमेऱ्यासमोर बसून रडणारी, बायकोची, मुलांची, आईची आठवण काढणारी माणसं किती आहेत ते मोज. चांगले मुरलेले शिकारी, सैन्यातनं आलेले लोक, पोट भरलेलं असतानाही ते बटन दाबतात. मला त्यात कमीपणा वाटत नाही. वोनिया थिबो सहाव्या सीझनला 73 व्या दिवशी स्वतः ठरवून निघाली, शेवटच्या दोघांत पोचली होती, पण शरीर काय सांगतंय ते तिने ऐकलं. पुढे 2022 ला अलोन: फ्रोझनमध्ये कॅनडातल्या लॅब्रेडॉरच्या थंडीत तीच 50 दिवस राहून जिंकली. त्या दिवशी हट्टाने बसली असती तर दुसरी संधी मिळाली असती का, माहीत नाही.

तर या दिवाळीत काय करायचं. मामाकडे जा. शेताच्या वरच्या अंगाला, घरापासून हाकेच्या थोडं पलीकडे, मामा दाखवेल त्या जागी एक रात्र एकटा राहा. हो, एकटा, ते मी आईला पटवते. ताडपत्री आणि दोरीने निवारा स्वतः बांध, पण झोपायला जमिनीवर नाही, हॅमॉक, म्हणजे झाडांना बांधायची झोळी, नाहीतर नीट बंद होणारा तंबू. जेवण पूर्ण घेऊन जा, भूक हा या रात्रीचा विषय नाही. विस्तव मामाने मोकळी करून दिलेल्या जागीच, आणि झोपताना पाणी ओतून राख हाताला गार लागेपर्यंत विझवायचा. फोन चार्ज करून सॅकमध्ये, सुरू ठेवायचा, बघायचा नाही. शिट्टी गळ्यात. रात्री नऊला आणि सकाळी सातला मामाला शिट्टीने आवाज द्यायचा, नाही दिलास तर तो वर येणार, हे आधीच ठरवून. तुला वाटेल एवढंच? एक रात्र तरी काढून बघ. अंधारात साधा उंदीर पाचोळ्यातनं गेला तरी माणूस आल्यासारखा आवाज होतो, दोनच्या सुमाराला डोक्यात काय काय येतं, ते बाल्कनीत कळत नाही. जमलं तर पुढच्या वेळी दोन रात्री. आणि जूनमध्ये परत जा, तिथल्या कुणाबरोबर रानभाजीला जा, पण पाहुण्यासारखा जा, त्यांची कामं करू लाग, व्हिडिओ काढत बसू नकोस.

शिकायचं असेल तर नीट शिक. पुण्यात गिरिप्रेमीसारखी संस्था आहे, 2012 ला त्यांच्या आठ जणांनी एव्हरेस्ट सर केलं, त्यांची गार्डियन गिरिप्रेमी इन्स्टिट्यूट कोर्स घेते. प्रथमोपचाराचा सर्टिफिकेट कोर्स कर, सेंट जॉन अँब्युलन्सचा असतो. वर्ष दोन वर्षांनी अंगात बळ आलं की उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स, 28 दिवसांचा. आणि मला सगळ्यात मनापासून वाटतं ते हे, की तू लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या एखाद्या रेस्क्यू टीमला जाऊन भेट. ही माणसं स्वतःचं दुकान, नोकरी, घरचं कार्य टाकून रात्री पावसात दोर घेऊन निघतात, एका फोनवर, कुणा अनोळखी पोरासाठी जो वाट सोडून भलत्या धबधब्याकडे गेलेला असतो. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरमधनं अशा टीम एकमेकांना जोडलेल्या आहेत. त्यांच्यातल्या कुणाला विचार की फोन बंद असलेल्या माणसाला शोधायला काय काय लागतं. तुझी जिद्द त्यांच्या कामाची आहे. तिथे दोर वाहायला जरी घेतलं ना, तरी सगळ्या सीझनपेक्षा जास्त शिकशील.

परत तुम्हाला, वैशालीताई.

ह्यांना सांगा की ताटाचं ते वाक्य मागे घ्यायला हवं, आणि ते बोलून दाखवायला हवं, मनातल्या मनात नाही. मुलाने पहिल्यांदा स्वतःहून काहीतरी अवघड करायचं मनात आणलं आणि घरातनं आधी हसू आलं, त्यानंतर तो जे काही करेल ते तुम्हाला दाखवून द्यायला करेल, आणि दाखवून द्यायला जंगलात गेलेला पोरगा धोका दिसला तरी परत फिरत नाही. मला त्या चाकूपेक्षा याची जास्त चिंता आहे. वडिलांनी त्याला वेल्ह्याला सोडायला जावं. गाडीत बोलले नाहीत तरी चालेल.

आणि तुम्ही त्याच्याबरोबर एक सीझन बघा ना. अलोन ऑस्ट्रेलियाचा पहिला, 2023 चा, टास्मानियातला. जिना चिक नावाची पन्नाशी ओलांडलेली बाई 67 दिवस राहून तो जिंकली, तिच्यापेक्षा कितीतरी तरुण पुरुष आधीच खेळ सोडून गेले. ती त्या जागेशी भांडत नाही, गाणी म्हणते, रडते, पाण्यात उतरते. मला वाटतं तुम्हालाही तो आवडेल, आणि रात्री दोनला एकट्याने बघण्यापेक्षा नऊला आईबरोबर, जेवता जेवता बघितला तर जेवणही होईल. बघताना त्याला विचारत राहा, हा आता काय खातोय, याला आज किती कॅलरी मिळाल्या, याच्याजवळ मदतीचं यंत्र कुठे असतं. त्याला ते सगळं माहीत असतं हो, कुणी विचारलेलं नसतं.

तो तरीही ताम्हिणीवरच अडून बसला तर भांडू नका, होही म्हणू नका, पण एक अट घाला जी मोडायची नाही, कुठेही गेला तरी कुठे, कोणाबरोबर, कधी परत हे कागदावर लिहून फ्रिजवर लावायचं आणि फोन सुरू. वेळ टळून दोन तास झाले की तुम्ही 112 ला फोन करणार, हे त्याला आधीच सांगून ठेवा आणि खरंच करा.

डॉक्टरांचं मात्र फराळाच्या गडबडीत मागे टाकू नका. रिपोर्ट आले, भावाशी बोलणं झालं की मला परत लिहा, वजन किती आहे तेही लिहा.